रस्ता कोणाच्या नावावर?



शहाडहून रिक्षा निघते, तेव्हा तिच्या चाकाखाली कल्याण-अहिल्यानगर हा राष्ट्रीय महामार्ग ६१ असतो, म्हणजे केंद्राचा रस्ता. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये वळली की महापालिकेची हद्द. पुढे कल्याण-बदलापूर हा राज्याचा रस्ता, त्यावर एमएमआरडीएने केलेली कामे. अंबरनाथला आनंदनगरकडे वळली तर एमआयडीसी, बाजाराकडे वळली तर नगरपरिषद, आणि रूळ ओलांडायचे तर पुलापाशी रेल्वे. पंधरा-वीस किलोमीटरांत इतके मालक. रिक्षावाल्याला यातली एकही सीमा दिसत नाही, खड्डा तेवढा दिसतो. तो तक्रार घेऊन जातो आणि उत्तर ऐकतो : हा रस्ता आमच्याकडे येत नाही.

याच माणसाने कर कोणाला दिला? इंधनावरचे उत्पादनशुल्क आणि रस्ते-पायाभूत सुविधांचा उपकर दिल्लीला गेला. इंधनावरचा व्हॅट राज्याला मिळाला, वाहन कर आणि परवान्याचे शुल्कही राज्यालाच. घराच्या मालमत्ता कराची पावती फक्त पालिकेची. चाकाच्या नावाने घेतलेला पैसा वर जातो आणि चाकाने झिजवलेली गल्ली घरपट्टीच्या भरवशावर राहते.

हा प्रश्न पहिल्यांदा नीट मांडला तो एका मराठी माणसानेच. १९२७ साली रस्ते विकास समितीचे अध्यक्षपद बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांकडे आले. रस्त्यांचा खर्च प्रांतिक सरकारांच्या आणि स्थानिक संस्थांच्या ऐपतीबाहेर चालला आहे, हे समितीने १९२८च्या अहवालात स्पष्ट सांगितले. मोटारींनी रस्ता झिजतो, म्हणून पेट्रोलवर जादा कर बसवावा आणि तो वेगळ्या निधीत ठेवून रस्त्यांसाठीच वापरावा, अशी तिची शिफारस होती. १९२९ साली केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला. आजचा निधी २०००च्या कायद्याचा. २०१८ साली त्याची व्याप्ती वाढली आणि जलमार्गांसारखे इतर वाटेकरीही आले. जयकरांचा विचार असा पातळ होत गेला, याचे दुःख या व्यासपीठावरून बोलून दाखवायलाच हवे.

दुसरा धागा नागपूरचा. १९४३ साली तिथे जमलेल्या मुख्य अभियंत्यांनी देशातील रस्त्यांची उतरंड ठरवली : राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, मोठे आणि लहान जिल्हा रस्ते, ग्रामरस्ते. मोलाचे काम झाले. मात्र त्या उतरंडीत शहराच्या गल्लीला पायरी नव्हती.

त्याची किंमत उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही तीन शहरे मोजत आहेत. महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वसाहत झाली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी तिला उल्हासनगर हे नाव मिळाले. बराकींसाठी आखलेल्या या भूमीवर, अवघ्या १३ चौरस किलोमीटरांत, २०११च्या जनगणनेत पाच लाखांहून अधिक माणसे होती. बदलापूर २००१ साली सुमारे ९८ हजारांचे होते, दहा वर्षांत ते पावणेदोन लाखांच्या घरात गेले. घरे बांधणारे आले आणि विकून गेले. सिमेंट-खडीचे डंपर ज्या रस्त्यांवरून धावले ते रस्ते पालिकेकडे राहिले. पालिकेच्या हातात काय उरले? जकात गेली, स्थानिक संस्था कर (एलबीटी) आला आणि गेला. आता महापालिकेची मोठी भिस्त जीएसटीपोटी राज्याकडून येणाऱ्या भरपाईवर आहे आणि नगरपरिषदांची अनुदानावर.

नव्या रस्त्यासाठी पैसा येतो, त्याचे भूमिपूजन होते, फलक लागतो. जुन्या रस्त्याच्या गटाराचा गाळ मे महिन्यात काढायला मात्र तरतूद अपुरी पडते. खड्ड्याचा जन्म तिथेच होतो. गटार तुंबते, पाणी साइडपट्टीवरून रस्त्याखाली शिरते, खालचा थर मऊ पडतो, वरून टँकर जातो, डांबर तडकते आणि खडी सुटते. मग भर पावसात मुरूम टाकला जातो, तो दोन दिवसांत वाहून जातो, आणि हा खर्चही देखभालीच्याच खात्यावर पडतो. शिवाय पाण्याची लाइन, गॅस, केबल. खोदणाऱ्याकडून पालिका रस्ता पूर्ववत करण्याचे शुल्क घेते. ते पैसे त्याच चरावर, नीट थर देऊन, दाबून खर्च झाले पाहिजेत.

उपाय परदेशातून आणायला नको. डिसेंबर २०००मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान ग्रामसडक योजनेत कंत्राटदाराला बांधकामासोबत पाच वर्षांच्या देखभालीचा करार करावा लागतो. महामार्गाला टोल आहे. खेड्याच्या रस्त्याला जी हमी मिळते ती बदलापूरच्या गल्लीला का मिळू नये?

न्यायालयाने तर वाट मोकळी केली आहे. चांगले रस्ते हा जगण्याच्या हक्काचाच भाग, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली खड्ड्यांच्या जनहित याचिकेत ठरवले. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याच न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. ती रक्कम पुढे दोषी अधिकारी-कंत्राटदारांकडून वसूल करायची. पण दोषी ठरवायचा तर आधी मालक ठाऊक हवा. बाप गेलेल्या घराने सहा कार्यालयांचे उंबरे झिजवायचे काय?

म्हणून या परिषदेपुढे एकच ठराव ठेवला जात आहे. तिन्ही शहरांच्या रस्त्यांची एक समाईक नोंदवही तयार व्हावी : प्रत्येक तुकड्याचा मालक, शेवटचे काम केव्हा झाले, कंत्राटदार कोण, त्याच्या दुरुस्तीच्या जबाबदारीचा (दोषदायित्व) कालावधी कधी संपतो आणि यंदाची देखभालीची तरतूद किती. ती पालिकांच्या दारात मराठीत आणि उल्हासनगरात सिंधीतही लावावी. पहिल्या पानावर कल्याण-बदलापूर रस्ता घ्यावा, आणि पाऊस सुरू होण्याआधी ते पान भरलेले असावे.