बाहेरून लावलेली कडी

वाशिमहून पुसदकडे निघालं की वाटेत अनसिंग लागतं. माझी आजी तिथली. शेवटची तीन वर्षं तिच्या खोलीला कडी बाहेरून असायची. ‘बुढीले चळ लागला’, एवढं निदान सगळ्यांना पुरलं. एकदा पहाटे ती वावराच्या वाटेला लागली, तेव्हापासून ती कडी. दिवेलागणीनंतर पाणी बंद, कारण रात्री अंथरूण ओलं व्हायचं. हे करणारी माझी काकू दुष्ट नव्हती. तीन वर्षांत तिला एक सलग झोप मिळाली नव्हती. पण आजी तहानेली निजायची, हेही खरंच. त्याला छळ म्हणायला माझी जीभ बरीच वर्षं रेटली नाही.

छळ म्हटलं की आपल्याला मारहाणच दिसते. लंडन आणि एसेक्स भागात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या २२० नातेवाइकांना याबद्दल विचारलं गेलं; २००९ साली ती पाहणी प्रसिद्ध झाली. गेल्या तीन महिन्यांत आपल्या हातून वाईट वागणं घडल्याचं निम्म्याहून अधिक जणांनी कबूल केलं. बहुतेकांचं ते ओरडणं, टोचून बोलणं. हात उचलल्याचं सांगणारे तिघेच. म्हणजे वळ शोधत बसलो, तर बाकीचं सगळं नजरेतून सुटतं.

भारतात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची संख्या ८८ लाखांच्या घरात असल्याचा २०२३ मधला अंदाज आहे. आईवडिलांना टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, असा २००७ चा कायदा आहे. पण तक्रार करायला आठवण लागते. आजीला सकाळी रात्रीची तहानही आठवत नसे. म्हणून तिच्या वतीने दुसऱ्या कुणीतरी बोलावं लागतं. शेजारी, भाचा, कुणीही १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन फिरवू शकतो.

घरापासून दूर राहणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांचे आईवडील आज वहिनीच्या किंवा ब्युरोतून आलेल्या मावशींच्या हवाली आहेत. व्हिडिओ कॉलवर विंचरलेले केस दिसतात; मनगटं दिसत नाहीत. दुपारी अवेळी फोन करा. आई सारखी गुंगीत असेल, तर झोपेची गोळी कुणी लिहून दिली ते विचारा. आणि रात्रीसाठी दुसरं माणूस ठेवायचे पैसे वहिनीने मागण्याआधी पाठवा.

आजीच्या तेराव्याला काकू मला म्हणाली, ‘‘पैसे दर महिन्याले यायचे, पन एका रातीले बी कोनी आलं नाही.’’