सैनिकाची पारख
(कोयनानगर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



सातारा हा सैनिकांचा जिल्हा आहे, हे कोयनानगरच्या श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको. पहिल्या महायुद्धात ४६ वीरांचे बलिदान देणारे अपशिंगे गाव याच जिल्ह्यातले. आजही पाटण खोऱ्यातील तरुण पहाटे रस्त्यावर धावतो, तो भरतीच्या आशेने. परंतु या धावणाऱ्यांतून सैनिक निवडायचा कसा, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. भरतीची पद्धत ही चाळणी असते. चाळणी बदलली की हाती येणारे धान्यही बदलते.

इंग्रजांची चाळणी जन्माची होती. १८५७ नंतर त्यांनी ‘लढाऊ जमातीं’चा सिद्धान्त रचला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महार समाजाला सैन्याचे दार बंद केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर याच सातारा शहरात राहत होते. ज्या समाजाने असे सुभेदार दिले, तो एकाएकी लढण्यास अपात्र ठरला! महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ साली १११वी महार पलटण उभारली गेली आणि गरज सरल्यावर १९२१ मध्ये मोडलीही गेली. अखेर १९४१ साली बेळगावात महार रेजिमेंटची स्थापना झाली आणि तिने रणांगणावर स्वतःचा लौकिक निर्माण केला. जातीवरून शौर्य ओळखता येत नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

अमेरिकेने नेमकी उलट चूक केली. व्हिएतनाम युद्धाच्या काळात, १९६६ साली संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी बुद्धिचाचणीची अट शिथिल केली. पूर्वी नाकारले गेले असते असे तीन लाखांहून अधिक तरुण सैन्यात आले. त्यांतील अनेकांना त्याची जबर किंमत मोजावी लागली. संख्या भरली म्हणजे सैन्य उभे राहिले, असे होत नाही.

आता आपल्याकडे पाहू. पूर्वी आधी मैदान, मग वैद्यकीय तपासणी आणि शेवटी लेखी परीक्षा होत असे. २०२३ पासून क्रम बदलला. आता प्रथम संगणकावरील परीक्षा आणि त्यात उत्तीर्ण होणाऱ्यांनाच मैदान. याचा लाभ निःसंशय आहे. मेळाव्यांतील अफाट गर्दी ओसरली आणि आधुनिक शस्त्रे हाताळण्यास लागणारी समज आधीच तपासली जाऊ लागली. पण लहानपणापासून घाट चढणारा, दमसास असलेला मुलगा केवळ संगणकाची सवय नाही म्हणून मैदानापर्यंत पोहोचलाच नाही, तर ती हानी कोणाची?

दुसरा प्रश्न मुदतीचा. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या ‘अग्निपथ’ योजनेनुसार सेवा चार वर्षांची असून, त्यानंतर २५ टक्क्यांपर्यंतच जवान कायम होतात. सैन्य तरुण राहील व चुरशीतून उत्तम तेच टिकतील, असे समर्थक म्हणतात. पलटणीचा जिव्हाळा जुळण्यास वर्षे लागतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. दोन्हींत तथ्य आहे. कायम करताना कोणता गुण मोजला जातो, यावरच या योजनेचा कस लागेल.

तोवर समाजाने काय करावे? मुलाच्या धावण्याचे कौतुक करणाऱ्या घराने त्याचे गणितही पाहावे. गावच्या तालमीशेजारी अभ्यासिका उभी राहावी. निवृत्त सुभेदारांनी सायंकाळचा तासभर या मुलांना द्यावा. चाळणी दिल्लीत ठरते. धान्य मात्र आपल्याच शिवारात पिकते.