माग थांबला तरी



भिवंडीत यंत्रमागाचा खडखडाट थांबला की चूल पेटण्याची भ्रांत पडते, हे आपणांस सांगावयास नको. नोव्हेंबर 2016 मध्ये पाचशेच्या व हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि रोख मजुरीवर चालणारे माग बंद पडले. मार्च 2020 च्या टाळेबंदीत तर अवघे शहर निःशब्द झाले. अशा वेळी नुसते ‘धीर धरा’ म्हणणे म्हणजे उपाशी माणसापुढे रिकामे ताट ठेवणे होय.

धीर ही तजविजीने येणारी गोष्ट आहे. सिगाल नावाच्या गृहस्थपुत्रास भगवान बुद्धांनी मिळकतीचे चार भाग करावयास सांगितले: एक उपभोगास, दोन उद्योगास आणि चौथा आपत्काळासाठी. मजुराच्या पगारातून चौथा भाग निघत नाही, हे मी जाणतो. तथापि काम चालू असता दर पगारास थोडी तरी शिल्लक टाका. व्यसन आणि लग्नाचे कर्ज दारात येऊ देऊ नका.

दुसरे, एकजुटीने राहा. बाबासाहेब मजूरमंत्री असताना त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे 1946 साली कारखान्यातील कामाचा आठवडा 54 तासांवरून 48 तासांवर आला. थकलेली मजुरी एकट्याने मागितली तर याचना ठरते. दहा जणांनी मागितली तर तो हक्क ठरतो.

शेवटी एकच विनंती. काम सुटले की पहिली कात्री मुलीच्या शाळेवर चालते. ती चालू देऊ नका. बंद पडलेला माग पुन्हा सुरू होतो. सुटलेली शाळा सहसा पुन्हा मिळत नाही.