दंतवैद्याचा एक प्रश्न
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले भाषण)



आरोग्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली तेव्हा आम्हांस संकोच वाटला. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारी हयात प्राथमिक शाळेत गणित शिकविण्यात गेली. वैद्यकावर अधिकारवाणीने बोलण्याची आमची पात्रता नाही. परंतु आमच्या हातून घडलेला एक प्रमाद सांगितल्याने एखाद्या कुटुंबाचे कल्याण होणार असेल, तर तो झाकून ठेवणे अधिक वाईट, असे जाणून आम्ही उभे राहिलो आहोत.

सात वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धाकट्या भावाची दाढ दुखत होती. आठ दिवस तो दाढेवर दारूचा बोळा धरून बसला. हा उपाय आपल्याकडे अनेक घरांत चालतो; वास्तविक त्याने दाढेची कीड जात नाही, उलट हिरडी व गाल मात्र भाजतात. अखेर आम्ही त्यास तालुक्याच्या गावी एका तरुण डॉक्टरबाईंकडे नेले. दाढ काढण्यापूर्वी त्यांनी रक्तदाब, मधुमेह, तंबाखू यांची चौकशी केली आणि शेवटी विचारले, “काका, मद्य घेता का?”

भावाने मान खाली घातली. त्याच्याऐवजी आम्हीच उत्तरलो, “छे, छे! आमच्या घराण्यात त्या पदार्थाला कोणी शिवत नाही.” बाहेरच्या बाकावर आपल्याच ज्ञातीतील दोन गृहस्थ बसले होते आणि दार उघडे होते. भाऊ रोज रात्री एक क्वार्टर घेतो, हे आम्हांस पुरते ठाऊक होते. चाळीस वर्षे मुलांना खरे बोलण्याचा पाठ देणारा शिक्षक घराण्याच्या नावासाठी खोटे बोलला.

त्या रात्री रक्त थांबेना. उशी भिजली, दुसरी भिजली. भावजय रडू लागली. मध्यरात्री जीप करून जिल्ह्याच्या रुग्णालयात नेले. पहाटे रक्त थांबले. तपासणीअंती कळले की, यकृत बिघडले आहे. रक्त गोठण्यास लागणारी बहुतेक द्रव्ये यकृतात तयार होतात. तेच दुबळे झाले म्हणजे साधी जखमही वाहत राहते. डॉक्टरबाईंनी एक प्रश्न विचारला होता तो याचसाठी. खरे उत्तर मिळते, तर आधी रक्त तपासून पुरेशी तयारी करूनच त्यांनी दाढेस हात घातला असता.

आठवड्याने टाके दाखवावयास गेलो. आम्हांस वाटले, आता बोलणी खावी लागणार. परंतु बाईंनी दार लोटले आणि म्हणाल्या, “गुरुजी, आपण जरा बाहेर बसता का? मला काकांशी बोलायचे आहे.” पुढे काय झाले ते भावानेच सांगितले. बाईंनी आधी त्याची परवानगी मागितली. मग आरसा धरून गालाच्या आतील पांढरा चट्टा दाखविला. उपदेश केला नाही, “आपल्याला काय वाटते?” एवढेच विचारले. भाऊ म्हणाला, “दादा, इतकी वर्षे सर्वांनी मला दारुडा म्हटले, काय वाटते, असे त्या बाईंनीच पहिल्यांदा विचारले.”

बंधुभगिनींनो, दंतवैद्याचे या कामी महत्त्व का, हे ध्यानात घ्यावे. जो मनुष्य वर्षानुवर्षे दुसऱ्या डॉक्टरचे तोंड पाहत नाही, तोही दाढ ठणकली की दंतवैद्यापुढे मुकाट्याने तोंड उघडतो. आणि एका दातासाठी तीनचार फेऱ्या होतात. म्हणून आज काढलेला विषय पुढच्या आठवड्यात पुन्हा काढता येतो. मद्य हे कर्करोगास कारण आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ साली दिला. मद्य आणि तंबाखू दोन्ही असतील, तर तोंडाच्या कर्करोगाच्या धोक्याची बेरीज होत नसून जवळजवळ गुणाकार होतो. पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा अथवा लाल चट्टा, ही चिन्हे प्रथम दंतवैद्यासच दिसतात.

आता थोडे गणित. “आम्ही थोडीच घेतो,” असे प्रत्येकजण म्हणतो. १० ग्रॅम शुद्ध मद्यार्क म्हणजे एक माप धरावे. व्हिस्की किंवा रम यांचा ३० मिलिलिटरचा पेग म्हणजे एक माप. १८० मिलिलिटरची क्वार्टर म्हणजे सहा मापे. बिअरची ६५० मिलिलिटरची साधी बाटली म्हणजे सुमारे अडीच मापे. ‘ती तर सौम्य’ हा समज किती फोल, ते पाहा. जागतिक आरोग्य संघटनेने दहा प्रश्नांची एक चाचणी तयार केली आहे. तिचे पहिले तीन प्रश्न असे: किती वेळा घेता? एका दिवसात किती मापे घेता? एका बैठकीत सहा किंवा अधिक मापे कितीदा होतात? आमचा भाऊ तिसऱ्या प्रश्नात रोज सापडत होता!

मात्र एक सावधगिरी. ज्याचे पिणे रोजचे व भारी आहे, त्याने घरच्या घरी एकाएकी बंद करू नये; हातपाय कापणे, झटके, भ्रम होऊन प्राणावर बेतू शकते. त्यास डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावे लागते. पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण हे काम करीत आहे, आणि शासनाचा १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनीही आहे. ज्याची अवस्था तेथवर गेलेली नाही, त्याने आठवड्यातील कोरडे दिवस ठरवावेत, मापे कागदावर लिहावीत आणि पुढच्या फेरीस तो कागद दंतवैद्यास दाखवावा. दात काढल्यावर तर मद्याचे नावही काढू नये. वेदनाशामक गोळ्यांबरोबर ते पोटात रक्तस्राव घडवू शकते. सोडू पाहणाऱ्याने चूळ भरण्याचे औषधही मद्यार्कविरहित मागावे.

आमच्या भावास यकृतामुळे पूर्ण सोडणेच प्राप्त होते. बाईंनी चिठ्ठी देऊन योग्य डॉक्टरांकडे पाठविले. तो दोनदा घसरला. दुसऱ्या वेळी आम्ही रागावलो, बाई मात्र म्हणाल्या, “गुरुजी, मूल उदाहरण चुकले म्हणून आपण त्याचे नाव शाळेतून काढता का?” आज पाच वर्षे झाली, त्याने थेंब घेतलेला नाही. त्याच्या अनुमतीनेच आम्ही हे सांगत आहोत.

शेवटी मंडळास तीन विनंत्या. आपल्या मोफत दंतचिकित्सा शिबिरात हे तीन प्रश्न पडद्याआड विचारले जावेत आणि तो कागद मंडळाच्या दप्तरी येऊ नये. प्रश्न विचारताना आमच्यासारख्या वडीलधाऱ्यांना बाहेर बसवावे. आणि ज्यास पुन्हा यावयाचे आहे, त्याचा प्रवासखर्च गरजेनुसार मंडळाने द्यावा. ती देणगी आम्ही आजच शंभराच्या दहा नोटांनी सुरू करतो. दंतवैद्यक शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना एवढेच सांगणे, की प्रश्न विचारण्यास लाजू नका, आणि उत्तर ऐकून नाक मुरडू नका.

ज्ञातीची अब्रू खोट्या उत्तराने राहत नाही. त्या रात्री ती अब्रू आमच्या भावाच्या उशीवर सांडत होती, आणि आम्ही जवळ बसून ते पाहत होतो. आपल्यापैकी कोणावर तशी रात्र न येवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.