पडद्यावरची यादी ताजी आहे काय?

(प्रशिक्षणवर्गातील भाषणाचा मजकूर)



कार्यालयातील कपाटाचे पुष्कळसे काम आज संगणकावरील फोल्डर करू लागला आहे. अनेक ठिकाणी एकच सामायिक फोल्डर दूरच्या सर्व्हरवर असतो व निरनिराळ्या टेबलांवरून त्यात फाइली ठेवल्या जातात. सातबाराच्या उताऱ्यावरील तारीख पाहिल्याविना आपण व्यवहार करीत नाही. फोल्डरची खिडकी हाही एक उताराच होय. मात्र त्यावर तारीख छापलेली नसते.

समजा, एका निराधार वृद्धेचा अर्ज दुपारी १२ वाजता फोल्डरमध्ये दाखल झाला आणि छाननी करणाऱ्या लिपिकाच्या पडद्यावरील यादी ११ वाजताची आहे. ‘अर्ज आढळला नाही’ असा शेरा पडतो आणि त्या वृद्धेचे अनुदान लांबते. येथे दोष कोणाच्या हेतूचा नसतो. शिळ्या यादीचा असतो.

असे का घडते? आपल्याच संगणकातील फोल्डरमध्ये बदल झाला की संगणक ती वार्ता खिडकीला तत्काळ देतो. नेटवर्कवर मूळ यादी सर्व्हरपाशी असते. दुसऱ्याने केलेल्या बदलाची वार्ता दर वेळी पोहोचतेच असे नाही. लिनक्स प्रणालीतील ‘आयनोटिफाय’ ही सोय तर असे दूरचे बदल कळवीतच नाही. शिवाय, फेऱ्या वाचविण्यासाठी संगणक मिळालेली यादी काही काळ जपून ठेवतो. विंडोजमध्ये हा काळ सामान्यतः १० सेकंदांचा असतो, तर ‘एनएफएस’ पद्धतीत ३० ते ६० सेकंदांचा.

संथपणाचे कारणही समजून घ्यावे. सर्व्हरपर्यंतच्या एका फेरीस सेकंदाचा विसावा भाग लागला आणि १,००० फाइलींची माहिती एकेक करून विचारली गेली, तर ५० सेकंद जातात. छोटी चित्रे दाखवावयाची तर प्रत्येक फाइल उघडून वाचावी लागते, म्हणून विलंब आणखी वाढतो.

त्यात आता टॅबची भर पडली आहे. ग्नोमच्या फाइल व्यवस्थापकात टॅब २००८ मध्ये आले, विंडोज ११ मध्ये २०२२ साली. एकाच खिडकीत अनेक फोल्डर उघडे ठेवता येतात, ही सोय खरीच. परंतु प्रत्येक टॅबमधील यादी आपापल्या वेळेची असते. एफ-५ ही कळ दाबली असता समोरचा टॅब ताजा होतो. मागचे टॅब ताजे झाले असे गृहीत धरू नये.

म्हणून काही साधे नियम पाळावेत. कोणताही शेरा मारण्यापूर्वी तो टॅब समोर आणून एफ-५ दाबावी. यादी येईपर्यंत थांबावे. कळ पुनःपुन्हा दाबल्याने चौकशी नव्याने सुरू होऊन वेळ वाढण्याचा संभव असतो. संथ फोल्डरमध्ये चित्रांऐवजी तपशिलाची मांडणी ठेवावी. एकाच फोल्डरमध्ये हजारो फाइली न साठविता गाव व वर्ष यांनुसार त्यांची विभागणी करावी. लागत नाहीत ते टॅब बंद करावेत.

यंत्र जे दाखविते ते एका क्षणाचे चित्र असते. ते आत्ताचे आहे की मघाचे, हे पाहण्याची जबाबदारी यंत्रावर टाकता येत नाही. सही करणाऱ्या हाताने ती एक कळ आधी दाबावी, एवढीच आपणांस विनंती आहे.