अठरापैकी तीन

शेतात पायाला काटा रुतून जखम चिघळली, की जांघेत अवधाण येतं. ती सुजलेली लसीकाग्रंथी. स्वादुपिंडाभोवतीही अशा बारीक ग्रंथी असतात आणि स्वादुपिंडाचा कर्करोग पसरताना बहुधा आधी तिथे पोचतो. म्हणून शस्त्रक्रियेत त्याही काढून तपासतात. निदान 12 ते 15 तरी तपासाव्यात. चारच पाहून ‘निरंक’ म्हणणं कच्चंच. 1 ते 3 ग्रंथी बाधित ही एक पायरी, 4 किंवा जास्त ही पुढची. आकडा चढला की आजार उलटण्याचा धोकाही चढतो.

हिंगोलीहून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईच्या टाटात जाताना पॅथॉलॉजीचा अहवाल पिशवीत हवाच. त्यावर ‘3/18’ दिसलं, तर अठरापैकी तीन बाधित. आणि ग्रंथी कोऱ्या निघाल्या तरी केमोथेरपी बहुधा चुकत नाही.