यादी हातात घेऊनच दुकानाची पायरी चढा
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आज मी आपल्यापुढे एका साध्या विषयावर बोलणार आहे. आय.टी.आय.चा एक वर्षाचा वेल्डर अभ्यासक्रम पुरा केलेला मुलगा घरी येतो आणि वडिलांना म्हणतो, "अब्बा, मला मशीन घेऊन द्या." त्या वेळी बापलेकांनी बाजारातून काय आणावे, आणि कोणत्या क्रमाने आणावे, एवढाच हा विषय आहे.

सोलापूरची ओळख गिरणगाव म्हणून होती. १८७७ साली सुरू झालेल्या जुन्या मिलपासून कित्येक पिढ्यांनी गिरणीच्या भोंग्यावर संसार केले. पण गिरणीत कामगार रिकाम्या हाताने जात असे. यंत्रे मालकाची, हत्यारे मालकाची. गिरण्या बंद पडल्या तेव्हा हातात कसब होते, पण ज्यावर ते चालवावे ते साधन स्वतःचे नव्हते. वेल्डरची गोष्ट वेगळी आहे. खिडक्यांच्या जाळ्या, फाटके, लोखंडी जिने, पत्र्याच्या शेड, ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्या, ही कामे आपल्या जिल्ह्यात गल्लोगल्ली आणि गावोगावी आहेत. त्यासाठी लागणारे साहित्य एका हातगाडीवर मावते. म्हणून ही पहिली खरेदी घरच्यांनी शिक्षणाचाच खर्च समजावा, आणि फी भरताना जेवढी चौकशी करतो तेवढी येथेही करावी.

अमेरिकेसारख्या देशांत घरदुरुस्तीच्या सामानाची मैदानाएवढी दुकाने असतात. गिऱ्हाईक ढकलगाडी घेऊन फिरते, खोक्यावरचा मजकूर वाचते आणि आपल्या हाताने माल निवडते. आपल्या हार्डवेअरच्या दुकानात माल बहुधा गल्ल्यामागे असतो. आपण जे मागू ते दुकानदार समोर ठेवतो. "वेल्डिंगचे सामान द्या" असे म्हटले की जे पडून असेल तेही बांधले जाते. तेव्हा आपल्याला नेमके मागता आले पाहिजे, आणि त्यासाठी घरूनच यादी करून न्यावी.

माझ्या यादीत मशीन सर्वांत शेवटी आहे. पहिले नाव डोळ्यांचे.

वेल्डिंगच्या ठिणगीतून जो प्रखर झोत निघतो त्यात डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण असतात. काम करताना काही जाणवत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते. मग कोणी बटाट्याची चकती ठेवते, कोणी दुधाचा बोळा. हे उपाय करू नका, डॉक्टरांकडे जा. रस्त्यावर मिळणारा काळा गॉगल या कामाचा नव्हे. गॅस कटिंगचा चष्माही या कामाला पुरत नाही, कारण त्याची काच कमी गडद असते आणि चेहरा उघडा राहतो. डोक्यात घालायचा किंवा हातात धरायचा पूर्ण मुखवटा घ्या आणि काच १० किंवा ११ नंबरची मागा. अशा साहित्यासाठी भारतीय मानक आय.एस. ११७९ आहे, तो आकडा मालावर आहे का ते पाहा. गडद काचेच्या पुढे साधी पांढरी काच असते, ती ठिणग्यांनी खराब होते. ती स्वस्त असते, तेव्हा चार जास्तीच्या घेऊन ठेवा. आणि एक गोष्ट विसरू नका: दारात उभी राहून पाहणारी धाकटी भावंडे आणि शेजारी यांनाही डोळे आहेत. मध्ये पत्र्याचा आडोसा हवाच.

दुसरे नाव अंगाचे. चामड्याचे लांब हातमोजे, बंद बूट आणि पूर्ण बाह्यांचा सुती सदरा. टेरिकॉट, नायलॉन अंगावर नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटते. सोलापुरात सुती कापडाची वाण नाही. खपली काढण्याची हातोडी, तारेचा ब्रश, गुण्या आणि दोन शिकंजे यांचीही नोंद येथेच करा. खपली फोडताना पांढरा चष्मा घाला, कारण गरम कण थेट डोळ्याकडे उडतात. ग्राइंडर घेतलात तर त्याचे संरक्षक कवच कधीही काढू नका.

तिसरे, विजेची सोय. एकशे वीस-तीस अँपिअरवर चालवलेले मशीन घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर जास्त भार टाकते आणि वायर तापते. परवानाधारक वायरमनकडून वेगळी लाइन, योग्य एम.सी.बी. आणि पक्के अर्थिंग करून घ्या. येथे शब्दांचा एक घोटाळा होतो. लोखंडाला लावायच्या चिमट्याला आपले कारागीर "अर्थ" म्हणतात. तो चिमटा करंट मशीनकडे परत नेण्यासाठी असतो. जीव वाचवणारे अर्थिंग वेगळे, ते जमिनीत गाडलेले असते. चिमटा लावला म्हणजे अर्थिंग झाले असे समजणारा मुलगा पावसाळ्यात ओल्या जमिनीवर उभा राहतो, तेव्हा जिवाशी गाठ असते.

चौथे, रॉड. शिकाऊ हाताला २.५ मि.मी. जाडीचा, ६०१३ जातीचा रॉड बरा. या आकड्यांचा अर्थ समजून घ्या. पहिल्या ६० मध्ये जोडाची ताण सोसण्याची ताकद सांगितली आहे. पुढचा १ म्हणजे आडव्या, उभ्या, डोक्यावरच्या, कोणत्याही स्थितीत चालणारा. शेवटचा ३ त्यावरच्या लेपाची जात सांगतो. पाकिटावर आय.एस. ८१४ हे मानक आणि करंटची मर्यादाही छापलेली असते. या जाडीला ती साधारण ६० ते ९० अँपिअर असते. पाकीट फाटलेले, लेप उडालेला किंवा ओल लागलेला माल कमी भावातही घेऊ नका. उरलेले रॉड झाकणाच्या डब्यात कोरडे ठेवा.

आता मशीन. ते घेण्याआधी जमल्यास १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली एखाद्या कारखान्यात विद्यावेतनावर उमेदवारी करा. दुसऱ्याच्या मशीनवर हात बसला म्हणजे आपल्याला काय हवे ते कळते. आज सिंगल फेजवर चालणारी हलकी इन्व्हर्टर मशीन मिळतात. खोक्यावरच्या "२००" या मोठ्या आकड्याला भुलू नका. त्याशेजारी टक्के लिहिलेले असतात. २०० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांत सहाच मिनिटे चालवा, चार मिनिटे निवू द्या. हे माप ४० अंश तापमानाचे धरलेले असते. आपल्या सोलापूरचा मे महिना त्यापुढे जातो! तेव्हा उन्हाळ्यात मशीनला सावली आणि आणखी विश्रांती द्या. केबल तांब्याची आहे का ते विचारा, दुकानातच मशीन चालवून पाहा, जी.एस.टी.चे पक्के बिल घ्या आणि हमीपत्रावर शिक्का मारून घ्या.

सरावासाठी भंगारातल्या तीन ते पाच मि.मी. पट्ट्या पुरेत. जस्ताचा मुलामा असलेले पाइप सुरुवातीला नकोत. त्यांच्या धुराने थंडीताप भरतो. तेलाचा, रंगाचा रिकामा पिंप तर कितीही ओळखीच्या माणसाने आणला तरी हाती घेऊ नका. आत उरलेली वाफ पेटून स्फोट होतो. आणि एखाद्या यंत्रमागवाल्याने मागाचा मोडलेला बीडाचा भाग आणला तर त्याला सरळ सांगा की हे काम या रॉडने टिकत नाही. गिऱ्हाइकाला खरे सांगणे हीसुद्धा दुकानदारी आहे.

पालकांना माझी एवढीच विनंती आहे. पैसे कमी असतील तर मशीन लहान घ्या, जुने घ्या, सहा महिने थांबा. पण मुखवटा, हातमोजे आणि अर्थिंग यांत काटकसर करू नका. मशीन बिघडले तर दुसरे मिळते. मुलाचे डोळे कोणत्याही दुकानात मिळत नाहीत, आणि त्याच डोळ्यांवर त्याला पुढची चाळीस वर्षे घर चालवायचे आहे.

विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर वहीचे एक पान घ्या आणि ही यादी आपल्या हाताने लिहा. ती लिहिताना जेथे अडाल ते आपल्या निदेशकांना विचारा. सगळी यादी कोणाला न विचारता समजावून सांगता आली, की बाजाराची वाट धरा.